नळीला तोंड कुणी लावायचं

आमच्या घरात बिअरला कधीच कुणी बिअर म्हटलं नाही. माझे वडील, ज्यांना आम्हीही गावासारखंच भाऊ म्हणायचो, ते तिला 'औषध' म्हणत. आई 'ती घाण' म्हणे. ती बनवणारा दत्तूकाका, भाऊंचा धाकटा भाऊ, छाती पुढं काढून 'माल' म्हणायचा. आणि त्याची बायको, सरूकाकू, 'कडूपाणी' म्हणायची. शेवटी काकूचंच नाव टिकलं. तिच्या मालकीचं असं त्या घरात जे थोडं टिकलं त्यात हे नाव धरायला हरकत नाही.

वडिवळ्यासारख्या गावात, जिथं माणसं इंद्रायणी तांदळाच्या वासावरून शेत ओळखतात, तिथं बिअर आली ती लोणावळ्याहून, टेम्पोत बसून. दत्तूकाका लोणावळ्यात एका बंगल्यावर स्वयंपाकी होता. बंगल्याचा साहेब म्हातारा, एकटा आणि हौशी. तो न्हाणीघरात बिअर करायचा, आणि चव घ्यायला दुसरं कुणी नसल्यामुळं काकाला शेजारी बसवून सगळं शिकवायचा. साहेब वारला, मुलांनी बंगला विकला, आणि काका घरी परतला. येताना त्यानं पगाराऐवजी, निदान तो तसं सांगायचा, एक भलाथोरला काचेचा बुधला आणि चहासारखी पिवळी पडलेली प्लास्टिकची नळी आणली. बुधला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलेला. टेम्पोतून उतरताना तो इतक्या नाजूकपणे उतरला, की शेजारची म्हातारी म्हणाली, "सरू, तुझ्या मालकानं दुसरी आणली वाटतं." सरूकाकू म्हणाली, "आणू द्या की. निदान ती बोलणार तरी न्हाई."

मी तेव्हा दहावीला गणितात गचकून घरी बसलेली होते. घरी बसलेल्या मुलीला घरात बसू देत नाहीत, हा आमच्याकडचा नियम. त्यामुळं बिअरची सगळी हमाली माझ्या आणि काकूच्या गळ्यात पडली. जव भिजवायचे, गोणपाटाखाली झाकून मोड आणायचे, उन्हात वाळवायचे, तव्यावर खमंग भाजायचे, जात्यावर भरडायचे. भाजताना असा वास सुटायचा की कुत्री अंगणात येऊन बसायची. मग अंघोळीच्या हंड्यात ते सगळं उकळायचं. साहेबाकडं कडवटपणासाठी परदेशी फुलांच्या पुड्या असायच्या. त्या संपल्यावर काकानं कामशेतच्या काष्ठौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणलं, जे आमच्याकडं तापात उकळून पाजतात आणि जे पाजताना पोराचे हात धरावे लागतात. भाऊंनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनावरचं ओझंच उतरलं. काडेचिराईत आहे म्हणजे औषध आहे, आणि औषध घ्यायला माणूस कुणाच्या बापाला भीत नाही. त्यानंतर भाऊंना दर आठवड्याला कणकण येऊ लागली.

लोणावळ्याच्या एका बेकरीतून खमीर यायचं, आणि ते सगळं आंबायला पडायचं आईच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत. आईनं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला. "भावजी, माझी बरणी बाटली."

"बरणी कशी बाटली, वहिनी?" काका म्हणाला. "बरणी ती बरणी, बाटली ती बाटली."

आई हसली नाही. आम्ही दोघी चुलीकडं तोंड करून हसलो. बरणीच्या झाकणातून काढलेली बारीक नळी पाण्याच्या पेल्यात सोडलेली असायची आणि दुपारभर माजघरातून गुळुक, गुळुक असा आवाज यायचा, कुणीतरी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात हसत असल्यासारखा. तो आवाज थांबला की खरं काम.

ते काम असं. आंबून झालं की बरणीच्या तळाशी गाळ बसतो, ताकाच्या निवळीखाली बसतो तसा. वरचा माल त्या गाळावर जास्त दिवस राहिला तर नासतो. म्हणून तो अलगद दुसऱ्या भांड्यात, म्हणजे त्या बुधल्यात, उतरवायचा. ओतायचा नाही. ओतला की गाळ उठतो, हवा मिसळते आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. बरणी उंचावर ठेवायची, बुधला खाली. नळीचं एक टोक बरणीत, गाळाच्या वर. दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढायचं, माल नळीत चढून उतरणीला लागला की अंगठ्यानं टोक दाबायचं, ते बुधल्याच्या तळाशी नेऊन सोडायचं. मग पाणी आपलं आपण वाहतं. शेतात बांधावरून पाणी काढताना हे कुणीही करतो. पण बांधावरच्या पाण्याला गाळाची पर्वा नसते, आणि बंगल्यावर वर्षानुवर्षं नळी ओढलेल्या दत्तूकाकाला आता विड्यांचा खोकला लागला होता.

पहिल्या खेपेला त्यानं नळी तोंडात धरली, गाल आत ओढले, डोळे मोठे केले, आणि माल ओठांपर्यंत आला त्याच क्षणी खोकला आला. नळी सुटली, बरणीत फेस उसळला, गाळ वर आला, काकाच्या मिशीवरून कडूपाणी गळायला लागलं. काकू बाजूला उभी होती. ती म्हणाली, "सरा. द्या इकडं." तिचं माहेर तिकोणा पेठेचं. तिथं तिच्या बापाचं पाणी खेचायचं डिझेल इंजिन होतं, आणि पिंपातून डिझेल काढायचं काम लहानपणापासून तिचं. डिझेलचा एक घोट गेला की माणूस आठवडाभर डिझेलचे ढेकर देतो, तेव्हा ती शिकलेली होती. तिनं नळी ओठांत धरली, डोळे मिटल्यासारखे केले, आणि एकाच शांत ओढीत माल चढला. टोकाशी यायच्या आत अंगठा बसलेला. आवाज नाही, बुडबुडा नाही. बुधल्याच्या तळाशी पिवळा माल असा भरत गेला की वाटावं तो तिथूनच उगवतोय.

"तोंडात गेली का गं?" मी विचारलं.

"जाईल कशी? जीभ म्हंजी दार," काकू म्हणाली. "वढायचं, पन दार लावून वढायचं."

त्या दिवसापासून उतरवायचं काम काकूचं. पण दत्तूकाकानं अट घातली की हे भायेर कुणाला सांगायचं न्हाई. उतरवायची वेळ झाली की तो माजघराचं दार लावायचा. आत काकू नळी ओढायची, मी दिवा धरायची आणि काका भिंतीला टेकून विडी प्यायचा. काम झालं की तो तांब्यातलं पाणी घेऊन मिशा ओल्या करायचा, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसत पुसत दार उघडायचा आणि ओसरीवर बसलेल्या भाऊंना म्हणायचा, "उतरली बाबा येकदाची. छाती भरून आली." ही नक्कल मी आयुष्यभर केली आहे. लग्नांत, बारशांत, शाळेच्या स्टाफरूममध्ये. पंचा नसला तर ओढणी घेऊन करते. लोक पोट धरून हसतात. मीही हसते, आणि घरी येताना दर वेळी तोंडाला काडेचिराइताची चव आलेली असते.

परवा तळेगावातच माझ्या भाच्याच्या फ्लॅटवर गेले होते. तोही घरी बिअर करतो, खोक्यातून आलेलं सगळं साहित्य, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. त्याच्याकडं उतरवायला एक पंप आहे, वरखाली केला की धार सुरू. मी विचारलं, "तोंड कधी लावायचं?" तो दचकला. "मावशी, तोंड नाही लावायचं. हायजीन." मी इतकी हसले की त्याच्या बायकोनं मला पाणी आणून दिलं. पंपाला बाई नाही, पुरुष नाही, जात नाही. दोनशे रुपयांचं प्लास्टिक आहे. ते तेव्हा कामशेतच्या बाजारात मिळत असतं तर आमच्या घराचा इतिहास दुसरा झाला असता, असं मी त्याला सांगितलं नाही. हसून झाल्यावर असं काही सांगितलं की माणसं आपल्याला म्हातारी समजतात.

तर शेठ. लोणावळ्यात ज्यांची एक खानावळ होती असे एक शेठ पवना धरणाच्या बाजूला पाहुण्यांसाठी खोल्या आणि हॉटेल बांधत होते. त्यांना स्वयंपाकी हवा होता. कोंबडी-भाकरी सगळेच करतात, मुंबईच्या पाहुण्यांना काहीतरी वेगळं चाखवता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. काकाचा लौकिक त्यांच्या कानावर गेला. स्वयंपाक्याला पगार, आणि स्वयंपाकघराच्या मागं राहायला दोन खोल्या.

त्या दोन खोल्या काकूनं पाहिल्या नव्हत्या, पण मला त्या तोंडपाठ झाल्या होत्या. तांदूळ निवडताना ती सांगायची. एका खोलीत चूल. दुसरीत खिडकी, खिडकीतून धरण. "सकाळी उठून कुनाला इचारायचं न्हाई, आज काय शिजवू म्हणून," ती म्हणायची. आमच्या घरात चूल आईची होती. आई वाईट नव्हती, पण मीठ ती घालायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी काकूनं त्या घरात स्वतःच्या हातानं भाजीत मीठ घातलेलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं वेगळं व्हायला कारणही नव्हतं. कडूपाणी हे तिला सापडलेलं कारण होतं. ती ते जीव लावून करायची. जव भाजताना एक दाणा करपला तर पूर्ण तवा कोंबड्यांना टाकायची.

शेठ रविवारी दुपारी जीप घेऊन आले. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. ओसरीवर बसले, पहिला ग्लास तोंडाला लावला, थांबले, ग्लासात पाहिलं आणि उरलेला एका दमात संपवला. "दत्तोबा, हे काय आहे राव? हे कडू आहे आणि तरी दुसरा घोट मागतंय."

"गावठी माल हाय, शेठ," काका म्हणाला. त्याला आनंद लपवता येत नव्हता.

"खोल्यांना रंग चाललाय. पुढच्या महिन्यात सामान हलवा."

माजघराच्या दारामागं काकूनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. आई चुलीवरून म्हणाली, "सरू, भात बघ," आणि काकूनं भात बघितला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा.

शेठ उठायला हवे होते. पण चांगलं काही खाल्लं-प्यायलं की ते कसं होतं हे पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. "दाखवा की कसं करता." काका म्हणाला, आत बायामाणसं हायेत. शेठ म्हणाले, "असू द्या, मी काय परका आहे?" आणि चपला काढून सरळ माजघरात आले. त्यांच्यामागून ग्लास हातात घेऊन भाऊ. नेमकी त्या दिवशी दुसरी बरणी उतरवायला आलेली होती, उंच पाटावर ठेवलेली, खाली बुधला धुऊन तयार. आता काकाला सुटका नव्हती. त्यानं नळी घेतली. काकूकडं पाहिलं नाही. गाल आत ओढले. खोकला आला. पुन्हा ओढलं, पुन्हा खोकला. नळी बरणीत आपटली, तळातून गाळाचा ढग उठायला लागला. काका वाकून खोकत होता, डोळ्यांत पाणी, आणि शेठ काळजीनं म्हणत होते, "अहो, सावकाश. सावकाश."

गाळ वर येताना मी पाहिला, आणि काकूनंही पाहिला. त्या गाळात दोन खोल्या होत्या. ती पदर सावरून पुढं झाली, काकाच्या हातातून नळी घेतली, बरणीतलं टोक गाळाच्या वर उचललं, दुसरं ओठांत धरलं, एक ओढ, अंगठा, आणि नळी खाली. धार लागली. स्वच्छ, बिनआवाजाची.

शेठनी टाळी वाजवली. मनापासून. "वा वहिनी. म्हणजे कारागीर तुम्ही." आणि मग हसत हसत, अगदी गमतीनं, रिकामा ग्लास पुढं करत ते म्हणाले, "म्हणजे मघाशी आम्ही वहिनींचं उष्टंच प्यायलो म्हणा की. नोकरी वहिनींना देतो, दत्तोबा, तुम्ही कांदे चिरायला या."

त्यात वाईट काही नव्हतं. तो माणूस आणखी मागत होता. पण 'उष्टं' हा शब्द त्या माजघरात पडला आणि भाऊंनी हातातला ग्लास कोनाड्यात ठेवून दिला, आतलं न संपवता. दर आठवड्याला कणकण येणारे माझे वडील. काकानं ते पाहिलं. शेठचं हसणं त्यानं सोसलं असतं, थोरल्या भावाचा तो ठेवलेला ग्लास त्याला सोसला नाही.

"आमच्यात बाईचं उष्टं पीत न्हाईत, शेठ," तो म्हणाला. "ही आज उगा मधी आली."

"अहो, चेष्टा केली मी."

"माझ्या तोंडात गेलीच न्हाई," काकू म्हणाली. हळूच म्हणाली, पण सगळ्यांसमोर. "दार लावलं हुतं."

"नळीला तोंड लागलं ना?" काकानं विचारलं.

"मग बंगल्यावर साहेबाला इतकी वर्सं पाजली, ती कुनाच्या तोंडची हुती?"

"मी पुरुष हाय," काका म्हणाला. "पुरुषाचं उष्टं लागत न्हाई."

हे वाक्य त्यानं रागानं म्हटलं नाही. सूर्य उगवतो असं म्हणावं तसं म्हटलं. मग त्यानं बुधला उचलला, मागच्या दारानं नेऊन केळीच्या आळ्यात उपडा केला. परत आला, बरणी उचलली, तीही गाळासकट ओतली. शेठ म्हणत होते, "राहू द्या हो, राहू द्या, काय करताय." आई म्हणाली, "बरणी जपून." केळीखाली फेस पसरला, कोंबड्या धावत आल्या, आणि थोड्याच वेळात आमचा कोंबडा एका पायावर उभं राहायचा प्रयत्न करून पडू लागला. कुणी हसलं नाही. मला हसू येत होतं आणि मी ते दाबत होते, तेवढ्यात मी काकूचा चेहरा पाहिला.

शेठ चपला घालताना भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस गुणी आहे. पण एवढ्यावरून एवढा माल ओतणारा माझ्या किचनात नको, भाऊ. तिथं सुऱ्या असतात." जीप गेली. तिच्याबरोबर खिडकी, धरण आणि मीठ गेलं.

मग जेवणं झाली. स्वयंपाक पाहुण्यासाठी केलेला, कोंबडीचा रस्सा, भाकरी, इंद्रायणीचा भात, आणि जेवणारे घरचेच. काका पोटभर जेवला. आता हे ज्यांच्या घरी नव्हतं त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं बायका नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायच्या. नवरा उठला की तेच ताट पुढं ओढायचं, त्यात उरलेल्या भातावर आपला भात वाढून घ्यायचा. आई भाऊंच्या ताटात जेवायची, काकू काकाच्या. त्यात काही विशेष आहे असं मला त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं. काका उठला, हात धुतले, पंच्याला पुसले. काकूनं त्याचं ताट उचललं, मोरीत नेलं, उरलेलं कुत्र्याला टाकलं, ताट घासलं, विसळलं, फडताळात पालथं घातलं. आणि दुसरं, कोरडं ताट घेऊन बसली.

आईचा घास हातातच राहिला. "सरू, असं करू नये. नवऱ्याचं आयुष्य घटतं."

"घटू द्या," काकू म्हणाली, आणि रश्श्याच्या पातेल्यात बोट बुडवून चाखलं. "मीठ कमी हाय, जाऊबाई," म्हणून तिनं मीठ घातलं.

ओसरीवर काकाची विडी पेटत होती. त्याला सगळं ऐकू गेलं. मला वाटतं तो वाट पाहत होता की भाऊ काही बोलतील, आणि भाऊ वाट पाहत होते की तो बोलेल. असं करत करत दोघंही म्हातारे झाले. नळी काकानं गोठ्याच्या छपराला पन्हळ बांधायला वापरली. कडूपाणी पुन्हा झालं नाही. काकू त्याच घरात, त्याच चुलीवर, पण कोऱ्या ताटात जेवत राहिली. वेगळ्या चुलीऐवजी तिला वेगळं ताट मिळालं, आणि जन्मभर पुरवायचं तर ते फार लहान असतं. मी लग्न करून तळेगावला गेले, राहिलेलं गणित सोडवलं, डी.एड. केलं, आणि दुसऱ्यांच्या घरातल्या भांडणांवर हसवायला शिकले.

दत्तूकाकाला शेवटी अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. मी भेटायला गेले तेव्हा काकू त्याला पेज भरवत होती. अंथरुणातल्या माणसाला चटका बसू नये म्हणून चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावून पाहायचा, हे कुणीही करतं. काकूही करायची. पण चमचा त्याच्या तोंडाशी नेण्याआधी ती थांबायची आणि मोठ्यानं, त्याच्या डोळ्यांत बघून सांगायची, "उष्टी हाय."

मी म्हटलं, "काकू, राहू दे आता."

तिनं पुढचा चमचा भरला. काका भिंतीकडं बघत राहायचा. मग हळूहळू, डाव्या बाजूनं, त्याचं तोंड उघडायचं. तोवर ती चमचा तसाच धरून असायची. पेज निवून गेली तरी.